न विचारता धरलेला हात

गेल्या अंकात पांढऱ्या काठीविषयी जाता जाता दोन ओळी लिहिल्या, तर पत्रांचा पाऊसच पडला. टाइप केलेली पत्रं फोनने वाचून दाखवली. हाताने लिहिलेली चार होती, तिथे फोनने हात टेकले. ती पुतणीने वाचली, आणि वाचता वाचता दोनदा "आत्या, हे तर तुझंच झालं होतं की!" असं ओरडली. त्यामुळे आजची उत्तरं जरा घरगुती झाली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते : माझी नजर १६व्या वर्षी उतरायला लागली आणि ३१व्या वर्षी पुरती गेली. आज मी ५७ वर्षांची आहे. आयुष्यातली बरीच वर्षं एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते, त्यामुळे बोलायची सवय आहे. उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, चौकात एक अंध गृहस्थ उभे होते. मी हात धरून त्यांना रस्त्यापलीकडे पोचवलं. तर ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, "मला पलीकडे जायचंच नव्हतं." चांगलं करायला गेलो आणि बोलणी खाऊन आलो. यापुढे मदत करावी की नाही?
– हिरमुसलेला

उत्तर : दादा, हिरमुसू नका. पण त्या गृहस्थांचंही चुकलं नाही. असं माझ्याबाबतीत मोजून तीनदा झालंय. एकदा मी बहिणीची वाट बघत रस्त्याकडेला उभी होते. कोणीतरी दंड धरला, "चला मावशी" म्हणाला आणि मला ओढत निघाला. मी "अहो, अहो" करेपर्यंत आम्ही पलीकडे. "सांभाळून हं" म्हणून तो गेलासुद्धा. बहीण आली ती अलीकडे, आणि मी पलीकडे. शेवटी तिने रस्ता ओलांडून मला परत आणलं.

गंमत सोडा, पण यात खरं नुकसान काय होतं ते सांगते. चौकात उभी असताना मी रिकामी उभी नसते. डाव्या कानाशी समांतर जाणारी वाहनं ऐकत असते, ती सुटली की माझी बाजू मोकळी होणार असते. पायाखाली उतार लागला म्हणजे फुटपाथ संपत आला. भिंतीलगत चालताना काठीचा टकटकाट कोंदट येतो, आणि गल्लीचं तोंड आलं की तोच आवाज मोकळा होतो. हा सगळा नकाशा 'मी आत्ता इथे उभी आहे' या एका खिळ्याला टांगलेला असतो. तुम्ही मला न विचारता वीस पावलं ओढलंत की खिळाच निघून येतो. मग माझ्या डोक्यात रस्ते असतात, पण मी त्यांत नेमकी कुठे आहे तेच कळेनासं होतं.

मदत जरूर करा. पण आधी तोंड उघडा. "नमस्कार, मी तुमच्या उजव्या हाताला उभा आहे, काही मदत हवी का?" एवढंच. "नको" आलं तर ते नकोच समजा, त्यात अपमान नसतो. "हो" आलं तर तुम्ही आम्हाला धरायचं नाही, आम्ही तुम्हाला धरतो. तुमचा हात कोपराच्या जरा वर आम्ही पकडतो आणि अर्धं पाऊल मागून चालतो. तुम्ही वळलात, थांबलात, पायरी उतरलात, की ते तुमच्या दंडातून आमच्यापर्यंत आपोआप पोचतं. अरुंद जागा आली तर तो हात पाठीमागे घ्या, म्हणजे आम्ही तुमच्या मागे येतो. पायऱ्या आल्या तर क्षणभर थांबा आणि चढायच्या की उतरायच्या ते सांगा. अमुक इतक्या आहेत हे सांगितलं नाहीत तरी चालेल, मोजण्यात लोक हमखास चुकतात आणि त्या चुकीवर भरवसा ठेवून मी एकदा तोंडावर आपटले आहे. खुर्चीपाशी नेलंत तर माझा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा. बसायचं मला येतं. खांदे दाबून बसवू नका.

काठी धरून तर कधीच ओढू नका. कोणी तुमचा चष्मा धरून तुम्हाला रस्ता पार करवला तर कसं वाटेल?

आणि 'इकडे', 'तिकडे', 'ते बघा तिथे' हे तीन शब्द आमच्याशी बोलताना खिशात ठेवा. 'डावीकडे', 'तुमच्या पुढे चार पावलांवर', 'दाराच्या लगेच मागे' हे वापरा. त्या गृहस्थांना तुम्ही हात दिलात, पण माहिती दिली नाहीत. आम्हाला बहुतेक वेळा फक्त माहितीच कमी पडत असते.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. तिला डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. अंधार पडला की तिला जवळजवळ काही दिसत नाही, दिवसाही बाजूचं दिसत नाही. समोरचं मात्र ती वाचते. तिला पांढरी काठी मिळाली आहे, वापरायचं शिक्षणही झालंय, पण ती घडी करून पिशवीत ठेवते. गेल्या महिन्यात उघड्या गटारात पाय जाऊन घोटा मुरगळला. तरी काढत नाही. जबरदस्ती करू का?
– काळजीतली आई

उत्तर : नका करू. तिने काठी निदान पिशवीत ठेवली आहे. मी माझी कपाटामागे सरकवून ठेवली होती, अडीच वर्षं. आईला वाटायचं की हरवली.

तुम्ही जे वर्णन केलंय तेच माझं होतं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात पडद्यावरच्या, अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणून पहिल्यांदा रात्र जाते, मग कडा जातात. एका कागदाची बारीक सुरळी करा, एक डोळा मिटा आणि दुसऱ्याला ती लावून घरातल्या घरात चाला. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येईल, पण पायातलं स्टूल दिसणार नाही. तुमच्या लेकीचं जग साधारण असं आहे. अंध म्हणजे मिट्ट काळोख, ही लोकांची समजूत. डॉक्टरी मोजमापात चांगल्या डोळ्याची नजर ३/६०पेक्षा कमी झाली की त्याला अंधत्व म्हणतात. म्हणजे निकोप डोळ्याला ६० मीटरवरून जे दिसतं, ते ३ मीटरवर येऊनही न दिसणं. नजरेचा घेर फार आवळला तरी ते अंधत्वातच मोजतात, मधलं कितीही स्वच्छ दिसो. तेव्हा अंध म्हणून नोंद झालेल्या पुष्कळांना थोडंफार काहीतरी दिसत असतं.

आणि तिथेच पोरीची गोची आहे. काठी काढली की लोक तिला आंधळी म्हणणार, आणि त्याच हाताने फोन काढून वाचायला लागली की खोटारडी. मी काठी वापरायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात बसमध्ये बसून मासिक वाचत होते, तेव्हा अजून मधलं दिसायचं. मागच्या सीटवरून आवाज आला, "काय एकेक नाटकं असतात!" मी एक थांबा आधीच उतरले आणि उरलेलं अंतर रडत चालले. आज असतं तर मागे वळून त्या बाईंना सुरळीचा प्रयोग करायला लावला असता. १७व्या वर्षी ते बळ नसतं.

मी काठी का काढली ते सांगते. एका संध्याकाळी मी एका वृद्ध गृहस्थांवर जाऊन धडकले. त्यांच्या हातातलं सगळं सामान रस्त्यावर. ते संतापून म्हणाले, "डोळे फुटले का?" मी म्हटलं, "हो." ते एकदम गप्पच झाले. नंतर आम्ही दोघं खाली बसून, चाचपडत, त्यांचं सामान गोळा करत होतो आणि ते सारखे माझी माफी मागत होते. वास्तविक मागायला मी हवी होती. काठी हातात असती तर ते आधीच बाजूला झाले असते. तोवर मला वाटायचं की काठी माझ्यासाठी आहे. त्या दिवशी कळलं की निम्मी ती समोरच्यासाठी असते.

तिचा पांढरा रंगही त्याचसाठी आहे. १९२१ साली ब्रिस्टलमध्ये जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची नजर गेली. घराजवळून धावणाऱ्या मोटारींची त्याला धास्ती वाटायला लागली, म्हणून त्याने आपली चालायची काठी पांढरी रंगवली, मोटारवाल्यांना दिसावी म्हणून. ती जमिनीवर अर्धगोलात फिरवत चालायची पद्धत पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी दृष्टी गमावलेल्या सैनिकांना शिकवता शिकवता बसवली. डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक उजवीकडे असतं, म्हणजे उजवा पाय जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. तुमच्या लेकीला हे शिकवलं असेलच. तिच्याकडून तुम्ही शिकून घ्या. डोळ्यांवर पट्टी बांधा, काठी घ्या आणि तिला तुमच्या चुका काढू द्या. आईच्या चुका काढायला मिळाल्या तर कुठली पोर काठी हातात घेणार नाही?

सुरुवात ओळखीच्या गल्लीत नको. सगळ्यात जास्त लाज ओळखीच्या लोकांची वाटते. अनोळखी भागात, संध्याकाळी, तुम्ही बरोबर असताना काढू दे. आणि जमलं तर काठीवाली दुसरी एखादी तिच्याच वयाची मुलगी शोधा. माझ्या पंचवीस सल्ल्यांपेक्षा त्या दोघींची एक दुपार जास्त कामाची.

प्रश्न : आमच्या इमारतीत एक अंध जोडपं राहायला आलं आहे. समितीला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं आहे. एका सदस्याने फाटकापासून जिन्यापर्यंत दोर बांधायची सूचना मांडली आहे. आपलं मत?
– सचिव

उत्तर : दोर नको हो! इमारत आहे, गलबत नाही.

सचिव साहेब, समितीची बैठक झाली, सूचना आली, मला पत्रही आलं. पण त्या जोडप्याला कोणी विचारलं का? आधी त्यांची बेल वाजवा. कदाचित ते म्हणतील, "काही नको, फक्त जिन्यातल्या सायकली हलवा." तोवर तुमच्यासाठी काही अंदाज देते.

लिफ्ट बघा. बटणं दाबली जाणारी आहेत, की गुळगुळीत काचेवर नुसतं बोट टेकवायची? मी ज्या इमारतीत आधी राहायचे तिथे नूतनीकरणात जुनी खटकेदार बटणं काढून चकचकीत काच बसवली. सगळ्यांनी फार कौतुक केलं. मी मात्र मजला शोधताना बोट फिरवायचे आणि वाटेतल्या प्रत्येक मजल्याचा दिवा लागायचा. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची, आणि ती मजला बोलतही नव्हती, म्हणून दार उघडलं की मी विचारायचे, "कितवा?" समोर कोणी असलं तर उत्तर, नसलं तर अंदाज. एकदा खालच्या मजल्यावरच्यांच्या कुलपाशी मी पाच मिनिटं किल्ली घेऊन झगडले. आतून त्यांचा मुलगा घाबऱ्या आवाजात "कोण आहे?" म्हणाला तेव्हा उलगडा झाला. काचेवर दोन-तीन उठावाचे चिकट ठिपके लावले असते तरी भागलं असतं. माझ्या मजल्यावर एक, तळमजल्यावर एक, आणि धोक्याच्या घंटेवर एक.

दुसरं म्हणजे, वर बघा. काठी जमिनीवरचं सांगते. छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवरचं तिला कळत नाही. बाहेर उघडणारी खिडकीची झडप, वाकलेली फांदी, जिन्याखालची तिरकी बाजू, भिंतीतून बाहेर आलेली पत्रपेटी. माझ्या कपाळावरची खूण अशाच एका झडपेची आहे. रस्त्यात गाडी लावलेली मला काठीने कळते, पण मालवाहू गाडीचं मागे सोडलेलं फळकूट कळत नाही, कारण खाली मोकळंच असतं.

तिसरं सगळ्यात सोपं, आणि त्यासाठी बैठकसुद्धा नको. तुमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना कशा जातात? टाइप केलेला कागद, त्यावर शिक्का, त्याचा फोटो, बरोबर? माझा फोन तो मजकूर वाचण्याऐवजी नुसतं "चित्र" म्हणतो आणि पुढे जातो. पाणी बंद असल्याची सूचना मी अशीच तीनदा चुकवली आहे. फोटोतली अक्षरं ओळखून वाचणारी ॲप्स आहेत, पण तिरका फोटो आणि त्यावर शाईचा शिक्का आला की मराठीतल्या जोडाक्षरांची जी काही दैना होते, ती ऐकून हसावं की रडावं कळत नाही. तुम्ही ती सूचना टाइप केलेलीच असते ना? तोच मजकूर फोटोखाली डकवा. इमारतीतले चष्मा न सापडणारे आजोबाही दुवा देतील.

उठावाच्या फरशा लावायचा कोणी आग्रह धरला तर त्या नीट समजून लावा. त्या जपानमधल्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली तयार केल्या आणि १९६७मध्ये ओकायामा शहरात अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे 'चालत राहा', गोल ठिपके म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे'. ही भाषा आहे. रंग छान दिसतो म्हणून ठिपक्यांच्याच फरशा सलग अंथरल्या तर प्रत्येक पावलाला "थांब, थांब" ऐकू येतं. आणि त्या पट्टीवर कुंड्या ठेवायच्या नाहीत. हसू नका, ठेवतात.

राहता राहिलं सगळ्यात मोठं. त्या जोडप्याला फक्त सोयी देऊन मोकळे होऊ नका, कामही द्या. मला माझ्या इमारतीत बारा वर्षं कोणी काही काम सांगितलं नव्हतं. मग एकदा नळाच्या कंत्राटदाराशी फोनवर कोण भांडणार हा प्रश्न आला. तेव्हापासून ते खातं माझ्याकडे आहे.

प्रश्न : तुमच्याशी बोलताना 'बघा', 'भेटू, दिसू' असे शब्द वापरायचे की नाही? आणि अंध म्हणायचं, दृष्टिहीन म्हणायचं, की दिव्यांग?
– संभ्रमित

उत्तर : वापरा. मी मालिका 'बघते', पुस्तक 'वाचते', मैत्रिणीला 'बघून येते'. तुम्ही 'बघा' म्हणून जीभ चावता तेव्हा मात्र ऐकू येतं. दुसऱ्याचं उत्तर माणसागणिक वेगळं. मला 'अंध' चालतं, माझ्या एका मित्राला 'दृष्टिहीन' आवडतं. 'दिव्य' वगैरे माझ्यात काही नाही, सकाळी उठायचा आळससुद्धा इतरांइतकाच आहे. 'आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं' माझ्यासमोर खुशाल म्हणा. फक्त जात्यावर मी बसलेली नसताना.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा आहे. मधुमेहाने दोन वर्षांपूर्वी दृष्टी गेली. मुलगा म्हणतो, फोन सगळं बोलतो, आता ब्रेल शिकून काय करणार? मलाही वाटतं, या वयात बोटं काय शिकणार?
– निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, फोन बोलतो हे खरंच. २००९ साली आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारा आवाज आला आणि गुळगुळीत काचेचा फोन आम्हालाही वापरता येतो हे पहिल्यांदा कळलं. अँड्रॉइडवर त्याच कामासाठी टॉकबॅक आहे. संगणकासाठी मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६मध्ये एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते विनामूल्य आहे आणि मी हा मजकूर त्याच्याच मदतीने टाइप करते आहे. हे सगळं आधी शिका, मुलाचं त्यात बरोबर आहे.

पण तुम्ही शिक्षक आहात. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगू? नजर गेल्यावर दोन वर्षं मी फक्त ऐकत होते आणि एके दिवशी 'आशीर्वाद'मधला शी पहिला की दुसरा, तेच आठवेना. त्या धसक्याने ब्रेल घेतलं, ३३व्या वर्षी. पहिले दोन महिने सगळे ठिपके म्हणजे बोटाखाली रवा. मी जोर लावून दाबायचे. शिकवणाऱ्या बाई, त्याही अंध, माझ्या मनगटाखाली बोट घालून हात उचलायच्या आणि म्हणायच्या, "अगं, गालावरून हात फिरवतेस तशी वाच." दाबलं की ठिपका बोटात बुडतो आणि कळेनासा होतो. हलकं, आणि सतत सरकतं बोट ठेवायचं. मधुमेहाने बोटांची संवेदना कधी कधी कमी होते, तेवढं मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. तसं असेल तर जरा मोठ्या ठिपक्यांचं ब्रेल मिळतं.

सहा ठिपके, त्यांच्या ६३ जुळण्या, एवढाच सगळा पसारा. मराठीत तर ते आपल्या लिपीहून सरळ वाटेल. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ, तोंडातून येतं तसंच. जोडाक्षराची खूण मात्र अक्षराच्या आधी येते, ती सुरुवातीला चकवते. तुम्ही विद्यार्थ्यांना जे ऱ्हस्व-दीर्घ घोकून घेतलंत, ते आता बोटांना घोकायला लावा.

आणि वयाचं म्हणाल, तर लुई ब्रेलने हे सगळं १५ वर्षांचा असताना, १८२४मध्ये बसवलं. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यातली आरी डोळ्यात गेली, त्यात दोन्ही डोळे गेले. त्याच्याआधी शार्ल बार्बिए यांची १२ ठिपक्यांची पद्धत होती. ती एका बोटाच्या पेऱ्यात मावत नव्हती, बोट वरखाली न्यायला लागायचं. ब्रेलने ती निम्मी केली. डोळसांना मात्र ही लिपी परकी वाटायची. तो ज्या पॅरिसच्या शाळेत शिकला आणि शिकवत होता, तिने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली. तो १८५२मध्येच गेला होता. तेव्हा शिकायला उशीर झाला म्हणून तुम्ही कसले लाजता, सर? तिथे अख्ख्या शाळेला ३० वर्षं लागली.

मी आता ब्रेलमध्ये कादंबऱ्या वाचत नाही, त्या ऐकते. ब्रेल वापरते ते औषधाच्या डब्यांवर, फाइलींवर, भाषणाच्या मुद्द्यांसाठी, आणि पत्त्यांवर. कोपऱ्यात ब्रेल टोचलेला पत्त्यांचा जोड घ्या आणि जुन्या मित्रांना बोलवा. दर पान टाकताना "इस्पिकची राणी" असं मोठ्याने म्हणायचं, एवढा एकच जादा नियम. बुद्धिबळ येत असेल तर काळी घरं किंचित उंच असलेला पट मिळतो, मोहऱ्यांना खाली खिळे आणि काळ्यांच्या डोक्यावर टोक असतं. नजर गेल्यावर माणसं जितकी काळोखाने खचतात, त्याहून जास्त दुपारी चार वाजता कोणी येत नाही म्हणून खचतात.

प्रश्न : मी मोबाइल ॲप तयार करणाऱ्या गटात काम करते. अंधांसाठी वेगळं ॲप काढावं का?
– तंत्रज्ञ

उत्तर : वेगळं नको गं, आहे तेच नीट कर. परवा मी एक ॲप उघडलं. फोन म्हणाला, "बटन. बटन. बटन. बटन. चित्र. बटन." प्रत्येक बटनावर तुम्ही सुंदर चित्रं काढली असतील, पण आत नाव लिहिलेलं नाही. 'परत', 'शोधा', 'पैसे भरा' एवढे शब्द टाकायचे असतात. अर्ज भरताना चूक झाली की नुसती चौकट लाल करू नका, चूक शब्दांत लिहा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखून 'मी यंत्र नाही' हे सिद्ध करायला लावता, तिथे ऐकायचा पर्याय ठेवा. एका दुकानात पैसे भरायचं यंत्र नुसत्या काचेचं होतं, आकडे कुठे आहेत ते कळायला मार्ग नव्हता. गल्ल्यावरच्या मुलाने प्रेमाने सुचवलं, "मावशी, पिन सांगा, मी टाकतो." माझ्यामागे रांगेत आठ माणसं होती. मी सामान तिथेच ठेवून आले.

प्रश्न : मी सहावीत आहे. तुम्हाला सगळं काळं दिसतं का? स्वप्न पडतं का? तुम्ही काय खेळता?
– (नाव लिहिलेलं नाही, अक्षर सुरेख आहे असं पुतणी म्हणाली)

उत्तर : बाळा, तुला तुझ्या पाठीमागचं काय दिसतं? काळं? नाही ना, काहीच नाही. काहींना तसं असतं. मला उजेड-अंधार थोडा कळतो, आणि कधी कधी रंगीत ठिणग्या दिसतात. काहींना आयुष्यभर धुकं असतं. स्वप्नं पडतात. मी मोठेपणी अंध झाले म्हणून माझ्या स्वप्नांत चित्रं आहेत. गंमत म्हणजे ज्या पुतणीने तुझं पत्र वाचलं, तिला मी कधीच पाहिलेलं नाही, पण स्वप्नात तिला चेहरा असतो. दर वेळी निराळा. जन्मतः अंध असलेल्यांच्या स्वप्नांत आवाज, स्पर्श, वास असतात. खेळायचं म्हणशील तर तू गोलबॉल शोध. महायुद्धात नजर गेलेल्या सैनिकांसाठी १९४६मध्ये हा खेळ निघाला आणि १९७६पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. चेंडूत घुंगरू असतं. सगळे खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधतात, थोडं दिसणारेही. आणि खेळ चालू असताना प्रेक्षकांना चिडीचूप बसावं लागतं. ते तुला जमेल का?

प्रश्न : आमच्या वाचक गटात एक अंध सभासद येतात. कोपऱ्यात बसतात, फारसं बोलत नाहीत. त्यांना सामील कसं करून घ्यावं?
– गटप्रमुख

उत्तर : बोलायचं कोणाशी, हेच त्यांना कळत नसेल. बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, निदान पहिली दोन-तीन वेळा. 'तुम्हाला काय वाटतं?' असं नुसतं त्यांच्याकडे बघून विचारलंत तर त्यांना ते कळणार नाही, नाव घ्या. आणि उठून जाताना सांगून जा. मी एकदा एका लग्नाला गेले असताना एका रिकाम्या खुर्चीला माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची सगळी हकिगत सांगितली आहे.

पुस्तक ठरवाल ते महिनाभर आधी कळवा. छापील प्रत स्कॅन करून, अक्षरं ओळखून, चुका काढून ऐकण्याजोगी करायला वेळ लागतो. अंधांसाठी अशी प्रत प्रकाशकाच्या परवानगीविना करता यावी आणि देशाबाहेरही पाठवता यावी, यासाठी २७ जून २०१३ला माराकेश करार झाला आणि ३० सप्टेंबर २०१६पासून तो लागू आहे. तरी आमच्यापर्यंत पोचणाऱ्या पुस्तकांची रांग फार हळू सरकते. तुमच्यातलं कोणी आठवड्याला दोन प्रकरणं फोनवर वाचून ध्वनिमुद्रित करून देईल का? वाचणाऱ्यालाही निदान पुस्तक पुरं करावं लागेल. गटात ते किती जण करतात, हे गटप्रमुखांना मी सांगायला नको.

प्रश्न : माझे दीर अंध आहेत. घरी कोणीही आलं की त्यांच्यासमोर उभं राहून विचारतं, "ओळखा पाहू मी कोण?" त्यांची चिडचिड होते. पाहुण्यांना कसं सांगावं?
– वहिनी

उत्तर : वहिनी, हा खेळ जगातल्या प्रत्येक अंध माणसाच्या नशिबी आहे. वीस वर्षांनी भेटतात, घसा बसलेला असतो, आणि वर "आवाजावरून ओळखा!" चुकलं की त्यांना वाईट वाटतं, बरोबर आलं की टाळ्या. परीक्षा आमची, तीही न सांगता घेतलेली. पाहुण्यांना तुम्ही दारातच सांगू शकता, "आत जाताना आधी नाव सांगा हं." किंवा दिरांना माझी युक्ती सांगा. माझ्या एका लांबच्या नणंदेने असंच विचारलं, तेव्हा मी नीट ऐकून घेतलं आणि म्हटलं, "नाव नाही सांगता येत, पण आवाजावरून सत्तरीच्या वाटता." त्या ४८ वर्षांच्या होत्या. तेव्हापासून दारातूनच नाव सांगत येतात.